माणगावचा नाईक इटलीत काय करत होता? यशवंत घाडगे आणि त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस, सोप्या भाषेत

गणपतीला मुंबईहून कोकणात उतरणाऱ्या प्रत्येकाला माणगाव माहितीये, आणि खरं सांगायचं तर ते ट्रॅफिकमुळेच माहितीये. गाडी जागची हलत नाही, पोरं कंटाळतात, कोणीतरी उतरून वडापाव आणतं. त्याच माणगावात तहसील कार्यालयापाशी एका सैनिकाचा पुतळा आहे. नाईक (हा सैन्यातला हुद्दा) यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. नाव वाचलं तरी पुढे प्रश्नच जास्त पडतात. रायगडातला माणूस इटलीत कसा गेला? व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मग आपण त्याचं कौतुक का करायचं? आणि बातम्यांमध्ये ते "३/५ मराठा" लिहितात तो काय प्रकार आहे? एकेक करून बघू, कारण हे नीट कळल्याशिवाय त्यांनी काय केलं ते कळतच नाही, नुसतं "शूर होते" एवढंच हाती उरतं.

घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१, तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड नंतर झालं. मृत्यू १० जुलै १९४४, इटली. म्हणजे वय वर्षं बावीस. आपल्याकडे या वयात पोरं डिग्रीचा शेवटचा केटी सोडवत असतात.

आता पहिला प्रश्न, युद्धात भारत आलाच कसा. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध जाहीर केलं आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतही युद्धात आहे असं सांगून टाकलं, इथल्या कुठल्याही नेत्याला न विचारता. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी याच मुद्द्यावर राजीनामे दिले. पण गंमत बघा, राजकारण एका दिशेने चाललेलं आणि भरती दुसऱ्या दिशेने. युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश भारतीय सैन्य पंचवीस लाखांपर्यंत गेलं आणि यात सक्तीची भरती नव्हती, सगळे नाव नोंदवून गेलेले. आता "स्वखुशीने" हा शब्द वापरताना जरा जपून, कारण कोकणातल्या त्या काळच्या घराचा विचार करा, पावसावर एक भाताचं पीक, जमीन तुकड्यातुकड्यांची, खाणारी तोंडं जास्त, मग मोठ्या पोराला दोनच वाटा, एक गिरणगाव आणि दुसरी पलटण. दोन्हीकडून मनीऑर्डर येते, पलटणीत वर मान मिळतो आणि शिवाय घरात आधीचं कोणी जाऊन आलेलं असलं तर वाट ओळखीची असते. राजाच्या प्रेमापोटी गेला असं म्हणणंही भाबडेपणा आणि पोटासाठी विकला गेला म्हणणंही अन्याय. बहुतेकांचं उत्तर या दोघांच्या मध्ये कुठेतरी असणार.

दुसरा प्रश्न इटलीचा. जुलै १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांचं सैन्य सिसिलीत उतरलं, सप्टेंबरमध्ये इटलीच्या मुख्य भूमीवर. इटलीने शरणागती पत्करली, पण जर्मनांनी देश सोडला नाही, उलट तो दक्षिणेकडून उत्तरेकडे इंचाइंचाने लढवला. नकाशा उघडून बघा, इटलीच्या मधोमध डोंगरांचा कणा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांनी नद्या उतरतात, म्हणजे पुढे सरकायचं तर एक नदी, मग डोंगर, मग परत नदी, असं चालूच. मोंते कासिनोला तर १९४४ च्या जानेवारीपासून मेपर्यंत रक्त आटलं. ४ जून १९४४ ला रोम पडलं आणि मग जर्मन सैन्य उत्तरेला माघार घ्यायला लागलं, पण ही माघार पळापळीची नव्हती. मागे गॉथिक लाइन नावाची पक्की संरक्षणफळी बांधायचं काम चालू होतं आणि त्याला वेळ मिळावा म्हणून प्रत्येक टेकडीवर, प्रत्येक वळणावर थोडी माणसं आणि एक-दोन मशीनगन ठेवून पुढच्यांना अडवायचं, जमेल तितकं नुकसान करायचं आणि मग मागच्या टेकडीवर जायचं. घाडगे ज्या लढाईत पडले ती याच प्रकारची. तायबर नदी, रोममधून वाहते तीच, तिच्या वरच्या खोऱ्यात, उंब्रिया प्रांतात, ही लढाई झाली. इतिहासाच्या जाड पुस्तकांमध्ये या टेकड्यांना एखादं वाक्य मिळतं. पण मोठ्या लढाईतला काय आणि अशा टेकडीवरचा काय, मरणारा सारखाच मरतो.

इटलीत भारतीय सैन्याच्या तीन डिव्हिजन (अनेक पलटणी मिळून बनलेल्या मोठ्या तुकड्या) लढल्या, चौथी, आठवी आणि दहावी, मिळून पन्नास हजारांच्या आसपास सैनिक. त्यातले ५,७८२ परत आले नाहीत. घाडगेंची पलटण दहाव्या डिव्हिजनमध्ये होती.

आता तो ३/५ चा घोळ. १९२२ मध्ये सैन्याची फेररचना झाली तेव्हा रेजिमेंटना नंबर दिले गेले आणि मराठ्यांच्या रेजिमेंटला पाचवा नंबर मिळाला, फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्री. एका रेजिमेंटमध्ये अनेक बटालियन, म्हणजे आपल्या बोलीत पलटणी. त्यामुळे ३/५ म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण. सोसायटीच्या पत्त्यात फ्लॅट नंबर आणि बिल्डिंग नंबर असतो ना, तसंच. रेजिमेंट हे घराणं, पण एकाच रेजिमेंटच्या पलटणी एकत्र लढतात असं अजिबात नाही, एक आफ्रिकेत असेल तर दुसरी ब्रह्मदेशात. सैनिकाचं रोजचं जग म्हणजे त्याची पलटण, साधारण आठशे माणसं, त्यात कंपनी शे-सव्वाशेची, कंपनीत प्लाटून, आणि सगळ्यात खाली सेक्शन, आठ-दहा जणांचं. त्या सेक्शनचा म्होरक्या म्हणजे नाईक, बाहीवर दोन फीत. अधिकारी नव्हे, त्या आठ-दहा जणांमधलाच एक, त्यांच्यासोबत जेवणारा, झोपणारा आणि त्यांना उठवून पुढे नेणारा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

या तिसऱ्या पलटणीचा दबदबा आधीपासून होता. मार्च १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियात केरेनच्या लढाईत पिनॅकल नावाचं शिखर याच पलटणीने घेतलं, खालून वर चढत, वरून इटालियन मारा करतायत अशा अवस्थेत. "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही रेजिमेंटची रणगर्जना तिथूनच रूढ झाली असं रेजिमेंटमध्ये सांगतात. तेव्हा पलटणीचे कमांडिंग ऑफिसर (सीओ) होते डेनिस रीड. पुढे हे रीड १९४२ मध्ये शत्रूच्या हाती सापडले, इटलीतल्या कैदेतून निसटले आणि १९४४ मध्ये इटलीतच दहाव्या डिव्हिजनचे जनरल म्हणून परत आले. म्हणजे घाडगेंच्या पलटणीचा जुना सीओ आता अख्ख्या डिव्हिजनचा मालक. सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू जरा जास्तच झालं.

आता १० जुलै १९४४. त्या दिवशी काय झालं हे आपल्याला कळतं ते मुख्यतः पदकासोबतच्या अधिकृत टिपणातून, याला सायटेशन म्हणतात. लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, छापलेला जेमतेम एक परिच्छेद. मी तो जरा सावकाश उलगडतो, कारण त्यातला प्रत्येक तुकडा महत्त्वाचा आहे.

पलटणीच्या एका कंपनीने शत्रूच्या एका पक्क्या मोर्चावर, म्हणजे शत्रूने मजबूत धरून ठेवलेल्या जागेवर, हल्ला केला. घाडगेंचं सेक्शन पुढे जात असताना अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. जर्मनांच्या तेव्हाच्या मशीनगन मिनिटाला हजार-बाराशे गोळ्या टाकायच्या, म्हणजे "ठो ठो" असा वेगळा आवाजही यायचा नाही, कापड फाडल्यासारखा एकच लांब आवाज. त्या एका माऱ्यात सेक्शनमधले सगळेच्या सगळे मेले किंवा जखमी झाले. उभा राहिला तो फक्त नाईक.

अशा वेळी नियमाप्रमाणे काय करायचं? खरं तर काहीच नाही. हल्ला करायला सेक्शनच उरलेलं नाही. आडोसा धरा, दुसरी सेक्शन येऊ द्या, कोणी नावं ठेवणार नाही. सायटेशनमध्ये मुद्दाम लिहिलंय की आपल्यासोबत यायला कोणीही उरलेलं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि तरीही ते न थांबता थेट मशीनगनवर धावून गेले. हे वाक्य उगाच भर म्हणून घातलेलं नाहीये. मागे पोरं आहेत अशा समजुतीत धावणं वेगळं आणि नाहीत हे कळून धावणं वेगळं, आणि पदक देणाऱ्यांना तो फरक नोंदवायचा होता.

आधी ग्रेनेड टाकला, त्याने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गप्प झाले. मग हातातल्या टॉमीगनने (हातात धरून चालवायची छोटी मशीनगन) तिथल्या आणखी एकाला टिपलं. आता उरले दोघं, आणि टॉमीगनचं मॅगझिन संपलं. मॅगझिन बदलायला किती वेळ लागतो? सराव असेल तर काही सेकंद. पण समोर हाताच्या अंतरावर दोन माणसं असतील तर तेवढे सेकंद कोण देतो! घाडगेंनी बंदूक उलटी केली, नळी हातात धरली (नुकतीच झाडलेली नळी, म्हणजे चटका बसण्याइतकी तापलेली असणारच) आणि दस्त्याने त्या दोघांना मारून टाकलं. टॉमीगन रिकामी असली तरी साडेचार-पाच किलोची असते.

शाळेच्या कार्यक्रमात हे सांगताना इथे "शत्रूचा खातमा केला" असं म्हणून पुढे जातात. मला ते पटत नाही. एका बावीस वर्षांच्या माणसाने दुसऱ्या दोन माणसांना अगदी जवळून, हाताने मारलं, तेच युद्ध आहे, आणि ते गुळगुळीत करून सांगितलं की शौर्यही पोस्टरवरचं होऊन जातं.

मग त्यांना शत्रूच्या स्नायपरच्या गोळ्या लागल्या, छातीत आणि पाठीत. दोन्हीकडून. म्हणजे घेतलेला मोर्चा बाकीच्या शत्रूच्या टप्प्यात होता, सगळीकडून उघडा. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्चातच ते गेले.

आता पदकाबद्दल. व्हिक्टोरिया क्रॉस राणी व्हिक्टोरियाने १८५६ मध्ये सुरू केला. दिसायला अगदी साधा आहे, ब्राँझचा क्रॉस आणि गडद लाल फीत, सोनं नाही की हिरे नाहीत. त्याची एक गोष्ट मला आवडते की यात हुद्द्याला किंमत नाही, शिपाई असो की कर्नल, पदक तेच. पण थांबा, भारतीय शिपाई मात्र यात सुरुवातीला नव्हताच! ब्रिटिश भारतीय सैन्यातल्या भारतीयांना हे पदक मिळू शकेल असा नियम झाला १९११ मध्ये, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. त्याआधी त्यांच्यासाठी वेगळं पदक होतं, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट. शौर्यातही पंगत वेगळी, काय बोलणार. १९१४ मध्ये खुदादाद खान हे पहिले भारतीय सैनिक ज्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मिळतो कसा, तर कोणीतरी बघितलं पाहिजे. कंपनीवाले शिफारस करतात, साक्षीदारांचे जबाब जोडले जातात, मग ते पलटण, ब्रिगेड, डिव्हिजन, आर्मी असं वर वर सरकतं आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी ते खालच्या दर्जाच्या पदकावर उतरवू शकतो, शेवटी राजाची मंजुरी. घाडगेंचा कागद नोव्हेंबर १९४४ मध्ये गॅझेटला आला, चार महिन्यांच्या आत. युद्ध चालू असताना हे बऱ्यापैकी लवकर. आणि यातूनच दुसरीही एक गोष्ट कळते, की ज्यांचं कोणी बघितलं नाही, किंवा बघणारेही मेले, त्यांना काहीच मिळालं नाही. असे किती असतील याचा हिशोब कोणाकडेच नाही.

इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले ६ भारतीय सैन्यातल्या सैनिकांना: कमल राम, यशवंत घाडगे, शेर बहादूर थापा, थमन गुरुंग, अली हैदर आणि नामदेव जाधव. सहातले दोन मराठा रेजिमेंटचे. आणि योगायोग बघा, जाधवांची नोंदलेली जन्मतारीख १८ नोव्हेंबर १९२१, म्हणजे घाडगेंपेक्षा फक्त दोन दिवसांनी लहान. (त्या काळच्या खेड्यातल्या जन्मतारखा किती खऱ्या हा प्रश्न आहेच, पण कागदावर तरी असंच आहे.)

नामदेव जाधव नगर जिल्ह्यातल्या निमजचे, संगमनेर तालुका, आणि पहिल्या पलटणीत, म्हणजे १/५ मध्ये. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी ओलांडताना त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून परत आणलं, मग मागे फिरून मशीनगनची ठाणी एकट्याने बंद पाडली, हाताला गोळी लागून बंदूक सुटली तर ग्रेनेडवर काम चालवलं आणि शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना देत मागच्या कंपन्यांना पलीकडे बोलावलं. ते जगले, १९८४ मध्ये वारले. त्यांच्यावर खरं तर वेगळंच लिहायला पाहिजे.

आता तो अवघड प्रश्न, ज्यावर कमेंटमध्ये हमखास भांडण होतं. घाडगे लढले ते ब्रिटिश राजाच्या सैन्यात. त्याच काळात इथे चले जाव चालू होतं, लोक तुरुंगात होते, सातारा-सांगलीकडे प्रतिसरकार होतं. मग यांना वीर म्हणायचं का?

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. स्वातंत्र्याच्या लढ्यातला हुतात्मा आणि पलटणीतला नाईक यांना एकाच तराजूत टाकायची गरजच नाही. घाडगेंनी राज्य कोणाचं असावं हे ठरवलं नव्हतं, त्यांच्या हातात सेक्शन होतं, आठ-दहा माणसं, आणि ती समोर पडलेली. त्यातले जे जखमी होते ते अजून जिवंत होते आणि ती मशीनगन चालू राहिली असती तर राहिले नसते. मला तरी त्या धावण्यामागे राजा दिसत नाही, ती पोरं दिसतात. शिवाय समोर होता तो नाझी जर्मनी, त्याच्याविरुद्ध लढल्याबद्दल माफी मागायचं काय कारण? पण हेही खरं की याच प्रश्नामुळे स्वतंत्र भारताच्या पाठ्यपुस्तकात यांना कधी नीट जागा मिळाली नाही, आणि ब्रिटिशांच्या आठवणीत तर ते "इंडियन ट्रूप्स" या दोन शब्दांत बसवले गेले. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं झालं.

तरी आठवण अगदीच पुसली गेली नाही. इटलीत कासिनोला कॉमनवेल्थची युद्ध दफनभूमी आहे, तिथल्या स्मारकावर ज्यांची कबर किंवा ठिकाण माहीत नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं कोरलेली आहेत, त्यात यशवंत घाडगे आहेत. माणगावचा पुतळा तर आहेच, दरवर्षी तिथे मानवंदना होते, तालुक्यातल्या आजी-माजी सैनिकांना हे नाव नवीन नाही. आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने या छोट्या डोंगरी गावाने, पेरुजा शहराच्या उत्तरेला आहे ते, घाडगेंच्या नावाने स्मारक उभारलं, भारतीय राजदूत हजर होत्या. स्मारक म्हणजे पुतळा नाही, सूर्यघड्याळ आहे, आणि त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. युद्धस्मारकावर तोफ, तलवार किंवा सिंह न ठेवता घड्याळ ठेवायचं ही कल्पना मला फार आवडली, आणि त्यात मोर्चाच्या दोन्ही बाजूंची माणसं आपोआप येतात.

पलटणीचं पुढे काय झालं ते पण सांगतो, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. ३/५ मराठा पुढे पॅराशूट पलटण झाली, १९४७-४८ ला जम्मू-काश्मीरमध्ये लढली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन २ पॅरा झाली. हीच २ पॅरा ११ डिसेंबर १९७१ ला आताच्या बांगलादेशातल्या टांगाईलला विमानांतून उतरली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात सगळ्यात आधी शिरली. म्हणजे केरेन, तायबर आणि ढाका ही एकाच पलटणीची गोष्ट आहे. बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये ही नावं नवीन भरती झालेल्या पोरांना शिकवली जातात, बाहेर मात्र फारसं कोणी बोलत नाही.

शेवटी कामाचं. कोकणात, साताऱ्यात, नगरकडे अशी कितीतरी घरं आहेत जिथे "आमचे पणजोबा महायुद्धात होते" एवढंच माहीत असतं. युद्धात मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नाव फुकटात शोधता येतं, पण ब्रिटिश कारकुनांनी आपली नावं कानाला येतील तशी लिहिलीयेत, त्यामुळे एका स्पेलिंगने मिळालं नाही म्हणून सोडू नका, चार-पाच तऱ्हेने टाकून बघा, आणि आडनावाऐवजी गावाचं किंवा वडिलांचं नावही टाकून बघा, पुष्कळदा आडनाव लिहिलेलंच नसतं. परत आलेल्यांसाठी घरातली जुनी ट्रंक उघडा, डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा कागद मिळाला तर त्यावर सैनिक नंबर आणि पलटण असते, ते घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा किंवा मराठा रेजिमेंटचे असतील तर बेळगावला रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका. नंबर नसेल तर काम अवघड होतं, त्यामुळे पहिला फोन घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला करा, तिला माहीत असण्याची शक्यता जास्त.